शेणातली फ्लूकची अंडी शोधायचं दोन जाळ्यांचं किट : वर्षभर वापरून झाल्यावरचा रिव्ह्यू

फ्लूक म्हणजे गाई-मेंढ्यांच्या यकृतात राहणारा चपटा कृमी, त्याची अंडी शेणात शोधायचं हे किट चांगलं आहे, घ्या. पण "अंडी दिसली नाहीत म्हणजे फ्लूक नाही" असं समजणार असाल तर घेऊ नका, त्या एका गैरसमजापायी माझ्या तीन मेंढ्या गेल्यात, खाली सगळं लिहिलंय, ते वाचल्याशिवाय ऑर्डर करू नका प्लीज. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही, मला डब्यापेक्षा या पद्धतीबद्दल बोलायचंय, आणि या पद्धतीचं कुठलंही किट घेतलंत तरी हेच प्रश्न येणार आहेत.

आधी हे घ्यायची वेळ का आली ते सांगते. माझ्याकडे गाई आहेत आणि मेंढ्यांचा एक छोटा कळप आहे, चरायच्या रानाचा एक कोपरा कायम ओला असतो, तिथलं गवत सगळ्यात हिरवं म्हणून जनावरं पहिल्यांदा तिकडेच धावतात. जंताचं औषध आम्ही वेळच्या वेळी देत होतो, आयव्हरमेक्टिन, वहीत तारीख लिहून, एकही डोस चुकवला नाही, आणि तरी एक जुनी गाय खंगत गेली. ताप नाही, खाणं ठीक, पण अंगावर मांस धरेना, दूध उतरलं, डोळ्याची आतली बाजू पांढरीफटक, आणि मग संध्याकाळी चरून आली की जबड्याखाली पाण्याची पिशवी लोंबल्यासारखी सूज, सकाळपर्यंत ती बरीच उतरलेली. गेली ती. डॉक्टरांनी उघडून बघितली तेव्हा मी शेजारीच उभी होते, यकृत कापताना सुरीखाली वाळू घासल्यासारखा कर्रकर्र आवाज आला, पित्तनळ्या चुना साचून कडक झालेल्या आणि त्या दाबल्या की तपकिरी पित्ताबरोबर चपटे पानासारखे दोन-तीन सेंटिमीटरचे जीव बाहेर यायला लागले. यकृतातला पर्णकृमी म्हणतात पुस्तकात, आम्ही सगळे फ्लूकच म्हणतो. डॉक्टर म्हणाले आयव्हरमेक्टिन गोलकृमींवर चालतं, फ्लूकवर चालतच नाही. म्हणजे वहीतल्या त्या सगळ्या तारखांनी या रोगाला हातसुद्धा लावला नव्हता.

आणि त्याच गायीचं शेण मी आधी एका लॅबमध्ये दिलं होतं बरं का, रिपोर्ट निगेटिव्ह. नंतर कळलं की त्यांनी मिठाच्या दाट पाण्यात अंडी वर तरंगवायची जी पद्धत असते ती वापरली होती. ती गोलकृमींसाठी छान आहे, त्यांची अंडी हलकी असतात, वर येतात, पण फ्लूकची अंडी जड, ती तळाला जाऊन बसतात आणि मिठाच्या पाण्यात आकसून ओळखूही येत नाहीत. म्हणजे जे तळाला होतं ते आपण वर शोधत होतो. फ्लूकसाठी शेण पाण्यात कालवून गाळ निवळू द्यायचा आणि तो गाळ बघायचा, हीच पद्धत. तेव्हापासून कुठल्याही लॅबमध्ये नमुना दिला की मी पहिलं हेच विचारते की तरंगवणार का निवळणार, आणि तुम्हीही विचारा, अगदी स्पष्ट शब्दांत विचारा.

आता किट. डब्यात आहे काय तर एकात एक बसणारे प्लास्टिकचे दोन कप, दोन्हीच्या तळाला जाळी, आतल्याची भोकं मोठी आणि बाहेरच्याची बारीक, एक धुवायची पिचकारीची बाटली, मिथिलिन ब्लूची छोटी बाटली, तळाला रेषा आखलेल्या दोन बशा आणि माहितीपत्रक. मायक्रोस्कोप नाही, तो आपला आपण आणायचा, फार भारी लागत नाही, चाळीस पट मोठं दाखवणारा पुरतो कारण फ्लूकचं अंडं जंतांच्या अंड्यांमध्ये चांगलंच मोठं, १३० ते १५० मायक्रॉन लांब आणि ६३ ते ९० रुंद. सगळी युक्ती या मापावरच उभी आहे. आतल्या जाळीतून अंडं खाली पडतं पण गवताचे धागे, काड्या, चोथा वरच राहतो, आणि बाहेरच्या जाळीत अंडं अडकतं पण बारीक चिखल आणि रंगीत पाणी निघून जातं. मधे उरतं ते थोडंसंच, ते उलटं धुवून एका बारीक उभ्या ग्लासात घ्यायचं, तीन-चार मिनिटं निवळू द्यायचं, वरचं पाणी हळूच ओतायचं, परत पाणी घालायचं, परत निवळायचं, असं दोन-तीन वेळा, मग मिथिलिन ब्लूचा थेंब. त्या थेंबाने होतं असं की गवताचा सगळा कचरा निळा होतो आणि फ्लूकची अंडी रंग न घेता पिवळीच राहतात. पहिल्यांदा दिसलं ना ते, निळ्या पसाऱ्यात सोनेरी, गुळगुळीत कडेचं, एका टोकाला बारीकसं झाकण असलेलं अंडं, मी खुर्चीवरून उठलेच. ती त्या गायीच्या बहिणीच्या शेणातली होती, तिला बाहेरून काहीही झालेलं नव्हतं, दूध चालू, खाणं चालू, केस चकचकीत.

एक नमुना करायला मला सुरुवातीला अर्धा तास लागायचा, आता बारा-पंधरा मिनिटं. साध्या ग्लासात निवळायची जुनी पद्धत पण मी करून बघितलीय, चहाची गाळणी आणि दोन ग्लास, चालते, अंडी सापडतात, पण खाली चिखल इतका येतो की बशीतला एकेक कोपरा बघताना डोळे दुखतात आणि आठ-दहा नमुने असतील तर संपतच नाही. किटचे पैसे त्या स्वच्छ गाळाचे आहेत असं समजा.

मेंढीच्या लेंड्यांत अंडी लवकर सापडतात. गायीच्या बाबतीत गोष्ट वेगळी, एक तर दिवसाला ढीगभर शेण, त्यात अंडी पातळ होऊन जातात, शिवाय मोठ्या गायीचं यकृत हळूहळू कडक होत जातं आणि बरेच फ्लूक त्यात फार टिकत नाहीत, त्यामुळे अंडी कमी दिसली तरी यकृताचं नुकसान कमी असेलच असं नाही. माहितीपत्रकात सगळ्यांना एकच माप लिहिलंय, दोन ग्रॅम. गायीला ते पुरत नाही असं माझं ठाम मत आहे, मी पाच-पाच ग्रॅमच्या दोन फेऱ्या करते आणि ज्या जनावराचा संशय आहे त्याचे दोन-तीन वेगळ्या दिवशीचे नमुने घेते. कारण अंडी सरळ शेणात येत नाहीत, ती पित्ताबरोबर पित्ताशयात साठतात आणि पित्ताशय रिकामं होईल तेव्हा बाहेर पडतात, आज भरपूर तर उद्या शून्य असं सहज होतं.

माहितीपत्रकाबद्दल माझी मोठी तक्रार फोटोंची आहे. शेणात सापडणारी मोठी झाकणवाली अंडी दोन प्रकारची, एक यकृताच्या फ्लूकची आणि दुसरी रुमेनच्या, म्हणजे पोटाच्या पहिल्या कप्प्यात राहणाऱ्या फ्लूकची, तो पॅराम्फिस्टोमवाला, छोट्या गुलाबी दाण्यासारखा दिसतो. दोघांची अंडी जवळपास एकाच मापाची त्यामुळे जाळीत दोन्ही अडकतात. फरक रंगात आहे, यकृतवाली सोनेरी पिवळी, रुमेनवाली बिनरंगी, काचेसारखी राखाडी. आणि पत्रकात दोन्ही फोटो काळ्यापांढऱ्यात छापलेत! जो एकमेव फरक डोळ्याला दिसतो तोच काढून टाकलाय. पहिले दोन महिने मी सगळी अंडी एकत्रच मोजत होते, मग डॉक्टरांना फोनवर फोटो पाठवले तेव्हा ते म्हणाले अहो यातली निम्मी रुमेन फ्लूकची आहेत. फरक का महत्त्वाचा तर रुमेन फ्लूक मोठा झाल्यावर बऱ्याचदा जनावराला काही करत नाही, त्याची पिल्लं आतड्यात खूप संख्येने असली की जोराची हगवण लागते तेव्हा त्रास, आणि औषध पण वेगळं. यकृताच्या फ्लूकवर देतात ते ट्रिक्लाबेंडाझोल रुमेन फ्लूकवर चालत नाही, ऑक्सिक्लोझानाइड चालतं. म्हणजे अंडी चुकीची ओळखली की औषध चुकलं. तुम्ही किट घेतलंत तर पहिल्या दिवशी जाणकाराकडून दोन्ही अंड्यांचे रंगीत फोटो मागून घ्या आणि मायक्रोस्कोपशेजारी चिकटवून ठेवा.

दुसरी तक्रार जाळी धुण्याबद्दल. एकदा एका महिन्याच्या वासराच्या शेणात मला दोन अंडी सापडली. गोठ्यातच बांधलेलं, कधी बाहेर न गेलेलं वासरू. आता फ्लूकची बाधा होते ती ओल्या जागेतल्या छोट्या गोगलगाईतून बाहेर पडून गवतावर बसलेल्या त्याच्या बारीक गाठी पोटात गेल्यावर, त्यातून निघालेलं पिल्लू आतडं फोडून पोटाच्या पोकळीतून यकृतात शिरतं, सहा-सात आठवडे यकृत खात फिरतं, मग पित्तनळीत जाऊन मोठं होतं आणि अंडी घालायला लागतं, सगळं मिळून दहा ते बारा आठवडे. उष्ण भागात जो मोठा फ्लूक असतो, फॅसिओला जायगँटिका, सात-साडेसात सेंटिमीटरपर्यंत वाढणारा, त्याला अजून जास्त, तेरा-सोळा आठवडे. मग महिन्याच्या वासरात अंडी येतील कुठून? ती आधीच्या नमुन्यातली होती, बारीक जाळीच्या कडेला जिथे प्लास्टिक आणि जाळी चिकटवलीय तिथल्या खाचेत अडकून राहिलेली. त्यानंतर मी प्रत्येक नमुन्यानंतर दोन्ही जाळ्या उलट्या धरून जोरात पाणी मारते, मग मऊ ब्रश, मग परत पाणी, आणि दहा नमुन्यांमागे एकदा नुसतं स्वच्छ पाणी जाळीतून ओतून तोच गाळ बघते, त्यात काही दिसायला नको. जाळी घासायला तारेचा ब्रश अजिबात वापरू नका, माझी पहिली जाळी तशीच एका कोपऱ्यात फाटली आणि फाटलेल्या बारीक जाळीतून अंडी सरळ नाल्यात जातात, तुम्हाला शून्य दिसतं आणि तुम्ही खूश होता.

शून्याबद्दल बोलू आता.

मेंढ्यांचं हे. ओले दिवस संपत आले होते, मी कळपाचा नमुना केला, दहा मेंढ्यांच्या सारख्या लेंड्या घेऊन एकत्र कालवलेला, शून्य अंडी. दुसऱ्या आठवड्यात परत केला, शून्य. मी निवांत. तिसऱ्या आठवड्यात सकाळी एक चांगली धष्टपुष्ट मेंढी मरून पडलेली, दोन दिवसांनी अजून दोन, आदल्या संध्याकाळपर्यंत चरत होत्या. उघडल्यावर यकृत फुटल्यासारखं, रक्ताने माखलेलं, पोटात रक्ताळ पाणी, आणि आत अगदी बारीक बारीक पिल्लं, काही मिलिमीटरची, शेकड्यांनी. यातल्या एकानेही अजून अंडं घातलेलं नव्हतं, त्यांचं ते वयच नव्हतं. मेंढीत तीव्र फ्लूकचा हा प्रकार असाच येतो, थोड्या दिवसांत खूप गाठी खाल्ल्या जातात आणि पिल्लं पित्तनळीपर्यंत पोचायच्या आधीच मेंढी जाते. किटची चूक नाही ही, किट अंडी शोधतं आणि अंडी नव्हतीच. पण डब्यावर मोठ्या अक्षरात लिहिलंय "फ्लूक आहे का ते घरी तपासा", आणि पिल्लं यात कळत नाहीत हे शेवटच्या पानावर बारीक टायपात एका ओळीत. हे पुढच्या पानावर हवं, लाल रंगात हवं. मी विश्वास ठेवला आणि त्या तीन मेंढ्या मला अजून दिसतात.

मग त्या काळात करायचं काय? रक्ताची तपासणी असते, फ्लूकविरुद्धच्या अँटिबॉडी बाधा झाल्यावर दोन ते चार आठवड्यांत दिसायला लागतात, त्यासाठी त्याच वर्षी पहिल्यांदा चरायला गेलेली कोकरं निवडायची कारण मोठ्या जनावरात मागच्या वर्षीच्या अँटिबॉडी उरलेल्या असू शकतात, औषध दिल्यावरही त्या महिनोन्‌महिने राहतात. शेणातच फ्लूकचं प्रथिन पकडणारी अजून एक तपासणी आहे, कोप्रोअँटिजेन म्हणतात, ती अंडी यायच्या काही आठवडे आधी कळवते. मी आता शरदात कोकरांचं रक्त लॅबला देते आणि किट नंतरच्या महिन्यांत वापरते जेव्हा फ्लूक मोठे झालेले असतात. किट एकटं पुरत नाही, पण त्याच्या वेळेला त्याच्यासारखं काही नाही.

अजून काय सुटतं यातून तेही सांगते, कारण विकणारे सांगत नाहीत. छोटा लान्सेट फ्लूक, डायक्रोसीलियम, त्याचं अंडं जेमतेम ४० मायक्रॉनचं, गडद तपकिरी, ते बारीक जाळीतूनही निघून जातं. तो ओल्या जागेचा नाहीच, कोरड्या रानातल्या जमिनीवरच्या गोगलगाई आणि मुंग्या यांच्यातून येतो, बाधा झालेली मुंगी गार हवेला गवताच्या शेंड्याला जबड्याने घट्ट धरून बसते आणि जनावर ते गवत मुंगीसकट खातं. आणि हरणांच्या भागात असाल तर मोठा अमेरिकन फ्लूक, फॅसिओलॉइडिस मॅग्ना, तो हरणात व्यवस्थित अंडी घालतो पण गायीत यकृतामध्ये जाड भिंतीच्या बंद गाठीत अडकून पडतो, अंडी बाहेरच येत नाहीत, गायीच्या शेणात कितीही शोधा. मेंढी-बकरीत तर तो गाठीत न थांबता फिरतच राहतो, थोडे फ्लूकसुद्धा जीव घेतात. तिथे हे किट हरणाच्या लेंड्यांवर वापरायला हवं, गायीवर नाही.

रानटी जनावरांचा विषय निघालाच तर, मला या किटने सगळ्यात जास्त शिकवलं ते सशांच्या लेंड्यांनी. ओल्या कोपऱ्याला कुंपण घातल्यावर मला वाटलं झालं काम, जनावरं जाणार नाहीत, दोन वर्षांत जागा साफ. मग सहज म्हणून कुंपणाच्या आतल्या रानसशांच्या लेंड्या गोळा करून जाळीतून काढल्या, आणि होती, सोनेरी, झाकणवाली, मोजकीच पण होती. ससे, हरणं, न्यूट्रिया (पाण्याकाठी राहणारा मोठ्या घुशीसारखा प्राणी), हे सगळे फ्लूक पाळतात, त्यांना ना कुणी औषध देतं ना कुंपण अडवतं. म्हणून कुंपण बिनकामाचं असं नाही, माझी जनावरं त्या गवताला तोंड लावत नाहीत हा मोठा फायदा आहेच, पण "आता तिथे फ्लूक संपला" असं म्हणून कुंपण काढायचा जो विचार होता तो मी सोडला. हे मला कुठल्याही लॅबने सांगितलं नसतं कारण सशाच्या लेंड्या घेऊन लॅबमध्ये कोण जातं.

रानटी प्राण्यांचे फ्लूक हा विषयच मोठा आहे खरं तर. फुफ्फुसातला पॅरागोनिमस पहिल्यांदा वर्णन केला गेला तो युरोपातल्या प्राणिसंग्रहालयात मेलेल्या वाघांच्या फुफ्फुसातून, १८७८ साली, आणि त्याला अ‍ॅमस्टरडॅमच्या प्राणिसंग्रहालयाचे प्रमुख वेस्टरमन यांचं नाव दिलं. तो खेकड्यांतून येतो, गोगलगाईनंतर खेकडा आणि मग वाघ. गायीच्या फ्लूकचं चक्र मात्र गोगलगाय आणि गवत एवढंच, आणि ते कळायला सुद्धा १८८१ ते १८८३ उजाडलं, इंग्लंडमध्ये थॉमस आणि जर्मनीत लॉयकार्ट, दोघांनी वेगवेगळं शोधलं. मेंढपाळांना हा रोग त्याच्या कितीतरी शतकं आधीपासून माहीत होता, ओल्या रानात मेंढ्या नेऊ नका हेही माहीत होतं, फक्त का ते माहीत नव्हतं.

मी एकदा गाळातली अंडी फेकली नाहीत, स्वच्छ पाण्यात घालून अंधारात ठेवली, खोलीच्या उबदार हवेला, दोन आठवडे. मग मायक्रोस्कोपखाली उजेडात घेतली. उजेड लागल्यावर थोड्या वेळाने एकाचं झाकण उघडलं आणि आतून केसाळ, पाचरीसारखा बारीक जीव सुळकन बाहेर आला आणि पाण्यात सैरावैरा पोहायला लागला, थांबतच नव्हता. त्याच्याकडे दिवसभराचाही वेळ नसतो, तेवढ्यात त्याला योग्य जातीची छोटी चिखलातली गोगलगाय सापडायला हवी, नाहीतर मेला. आणि सापडली तर त्या एकापासून गोगलगाईत सहा-सात आठवड्यांत शेकडो तयार होऊन बाहेर पडतात, गवतावर गाठी करून बसतात. हे बघितल्यापासून मी गाळाचं पाणी कधीही बाहेर ओतत नाही, उकळतं पाणी घालून मगच टाकते. हे पत्रकात कुठेच नाही आणि असायलाच हवं होतं, नाहीतर लोक तपासणी करून तीच अंडी धुऊन परत ओलीत सोडणार. शेणातली अंडी आपल्याला सरळ बाधत नाहीत, पण शेणात बाकी बरंच काही असतं म्हणून हातमोजे घाला.

आता ज्या कामासाठी मी हे किट परत घेईन ते काम. औषध लागू पडलं का हे बघणं.

मेंढ्या गेल्यावर डॉक्टरांनी ट्रिक्लाबेंडाझोल दिलं, योग्यच होतं ते, कारण अगदी कोवळ्या, एक-दोन आठवड्यांच्या पिल्लांपासून मोठ्या फ्लूकपर्यंत सगळ्यांना मारणारं तेच एक औषध. बाकीच्यांचं असं की क्लोसँटेल आणि नायट्रॉक्सिनिल साधारण सहा-आठ आठवड्यांच्या पुढच्यांना मारतात, ऑक्सिक्लोझानाइड, अल्बेंडाझोल, क्लोर्सुलॉन ही मोठ्यांनाच, आणि बाटलीवर नुसतं "फ्लूकवर गुणकारी" लिहिलेलं असतं, किती वयाच्या फ्लूकवर ते शोधायला भिंग लागतं. तर औषध दिलं, तेव्हा काही मेंढ्यांत मोठे फ्लूक पण होतेच, मी औषधाच्या दिवशी नमुना केला, ३६ अंडी. तीन आठवड्यांनी परत, त्याच मेंढ्या, तेवढंच वजन, २९ अंडी. तीन आठवडे थांबायचं कारण फ्लूक मेल्यावरही पित्ताशयात साठलेली अंडी काही दिवस येत राहतात, आठव्या दिवशी बघितलं तर औषध चांगलं असूनही वाईट दिसेल.

माझी पहिली शंका औषधावर नव्हती, माझ्या हातावर होती. मेंढ्यांचं वजन मी अंदाजाने धरलं होतं, आणि औषध पाजायच्या बंदुकीची (दर दाबाला ठरावीक औषध तोंडात सोडणारी पिचकारी) मात्रा कधी तपासलेलीच नव्हती. मोजून बघितली तर दहा मिली म्हणून साडेआठच सोडत होती. मेंढीला किलोला १० मिलिग्रॅम आणि गायीला १२ असं ट्रिक्लाबेंडाझोलचं माप, त्यात असं कमी गेलं की फ्लूक मरत नाहीत आणि वर औषधाला सरावतात. वजनकाट्यावर घेऊन, बंदूक दुरुस्त करून परत दिलं, परत तीन आठवडे, परत किट. २७ अंडी. तेव्हा डॉक्टर म्हणाले आता मात्र हे औषधाला न जुमानणारे फ्लूक दिसतायत. १९८३ मध्ये आलेलं औषध, १९९५ साली ऑस्ट्रेलियात पहिल्यांदा असे फ्लूक नोंदले गेले आणि त्यानंतर किती तरी देशांत. माणसांच्या फ्लूकसाठी पण मुख्य औषध हेच आहे, त्यामुळे ते उगाच वाया घालवणं मला पटत नाही, आणि माझ्यासारखे किती जण ते लागू पडत नसताना दरवर्षी पाजत असतील.

डॉक्टरांनी क्लोसँटेलवर नेलं, वजन काटेकोर मोजून, कारण त्यात जास्त डोस गेला तर मेंढ्या-बकऱ्या कायमच्या आंधळ्या होऊ शकतात, इथे अंदाजपंचे अजिबात चालत नाही. तीन आठवड्यांनी किट लावलं, पूर्ण बशी दोनदा बघितली, एकही अंडं नाही. कोवळी पिल्लं त्यातून सुटतात म्हणून पुढचा डोस कधी ते डॉक्टरांनी ठरवलं. औषधाचा निर्णय किटवरून स्वतःच घेऊ नका, आकडे डॉक्टरांकडे न्या. दुभत्या जनावरांना तर नक्कीच, फ्लूकची बरीच औषधं दूध माणसांसाठी काढत असाल तर चालतच नाहीत, आणि चालतात त्यांना दूध न वापरायचे दिवस असतात.

हा सगळा शोध, वजन, बंदूक, औषध, एकेक करून लागला तो घरी जाळी होती म्हणून. दर वेळी नमुना पाठवून आठवडाभर थांबायचं असतं तर मी दुसऱ्या फेरीलाच कंटाळले असते हे खरं आहे.

छोट्या गोष्टी भराभर. मिथिलिन ब्लू पुरेसं येतं, थेंब कमीच टाका, जास्त झालं की सगळंच काळंनिळं. बशीतल्या रेषा चांगल्या आहेत, मोजताना तेच अंडं दोनदा मोजलं जात नाही. पिचकारीच्या बाटलीचं झाकण गळतं. हवेचे बुडबुडे आणि काही परागकण पहिल्या दिवशी अंड्यांसारखेच वाटतात, बुडबुड्याची कड जाड काळी असते आणि ढकलला की पळतो. नमुना लगेच करायला जमत नसेल तर फ्रीजमध्ये ठेवा, थंडीत अंडी वाढत नाहीत, पण गोठवू नका, आणि फ्रीज वेगळा असू द्या. गोगलगाई शोधायला या किटचा काही उपयोग नाही, त्यासाठी गुडघ्यावर बसून चिखलच बघावा लागतो.

चार-पाचच जनावरं असतील आणि निवळण पद्धत करणारी लॅब जवळ असेल तर हे घेऊ नका, नमुने तिकडे द्या. कळप असेल, ओली जागा असेल, मागे कधी कत्तलखान्यातून यकृत खराब असल्याचं कळलं असेल, तर घ्या आणि पहिल्या ऑर्डरलाच एक जादा बारीक जाळी मागवा, सुटी मिळते. माझी आताची तिसरी आहे आणि कडेच्या चिकटपट्टीला परत सैल पडायला लागलीय, कंपनीला कळवलंय, उत्तर आलं की इथेच लिहीन.